प्रयोगशाळेचे दार उघडे राहावे

(विज्ञान शिक्षक, शाळांचे व्यवस्थापक व पालक यांच्यापुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विज्ञान नुसते वाचून येत नाही, ते हातांनी करून पाहावे लागते, ही गोष्ट आता कोणाला पटवून द्यावी लागत नाही. १९६१ साली गोमंतक मुक्त झाल्यानंतर खेड्यापाड्यांत शाळा पोहोचल्या, त्यांच्या पाठोपाठ माध्यमिक विद्यालये आली आणि विद्यालयाच्या एखाद्या खोलीवर ‘प्रयोगशाळा’ अशी पाटी लागली. परंतु काही ठिकाणी त्या पाटीखालच्या दाराला कुलूप असते. कारण विचारले तर उत्तर मिळते, “मुले अजाण आहेत. काही बरेवाईट झाले तर जबाबदार कोण?”

हे उत्तर लबाडीचे नव्हे. मुलाचा डोळा एकदा गेला की तो कोणत्याही अनुदानातून परत आणता येत नाही, हे जाणणाऱ्या शिक्षकाची ती खरीखुरी चिंता असते. तथापि कुलपाने धोका नाहीसा होत नाही; तो केवळ जागा बदलतो. प्रयोगवहीत निरीक्षणे उतरवून घेतलेला आणि आम्लाची बाटली कधीही हाताळू न दिलेला मुलगा पुढे घरी फरशी साफ करण्याचे आम्ल उघडतो, शेतात कीटकनाशक कालवतो, कारखान्यात नोकरीस लागतो. तेथे त्याच्या शेजारी शिक्षक उभे नसतात. यास्तव प्रयोगशाळेतील सुरक्षितता म्हणजे प्रयोग टाळण्याची कला नव्हे. तो विज्ञानाचाच एक धडा आहे, आणि दार उघडल्याशिवाय तो शिकवता येत नाही.

जखमी झालेल्या शास्त्रज्ञांचा वारसा

हा धडा थोर शास्त्रज्ञांनाही फार महागात शिकावा लागला. नायट्रोजन ट्रायक्लोराइड या अतिस्फोटक द्रवाचा शोध लावणारे फ्रेंच शास्त्रज्ञ द्युलाँ यांना त्या द्रवाच्या स्फोटांत एक डोळा आणि हाताची बोटे गमवावी लागली. त्याच द्रवावर १८१२ साली लंडनचे हम्फ्री डेव्ही प्रयोग करीत असता काचेचे तुकडे उडून त्यांच्या डोळ्यांस इजा झाली. लिहिणे अशक्य झाले, म्हणून त्यांनी पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेल्या एका तरुणाला लेखनिक म्हणून मदतीस घेतले. तो तरुण म्हणजे मायकेल फॅरडे. १८१३ साली फॅरडे त्यांचे सहायक झाले आणि लवकरच त्याच द्रवाच्या स्फोटाने ते दोघेही जखमी झाले.

येथपर्यंतची कथा भीती वाटावी अशीच आहे; परंतु पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. डेव्ही यांनीच १८१५ साली खाणकामगारांसाठी सुरक्षा दिवा तयार केला. खाणीतील ज्वालाग्राही वायू दिव्याच्या ज्योतीने पेटून अनेक कामगार मरत असत. डेव्ही यांनी ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी बसविली. वायू जाळीतून आत येऊन जळू शकतो. पण धातूची जाळी उष्णता शोषून पसरवीत असल्याने बाहेरचा वायू पेटण्याइतका तापत नाही, म्हणून ज्योत जाळी ओलांडून बाहेर पडत नाही. प्रयोगशाळेतल्या तिवईवरची साधी तारेची जाळी स्पिरिटच्या दिव्याच्या ज्योतीवर हळूच खाली आणली, तर ज्योत जाळीखालीच अडते, हे सातवीतले मूलही पाहू शकते. फॅरडे यांनी तर १८२७ साली ‘केमिकल मॅनिप्युलेशन’ हा जाडजूड ग्रंथच लिहिला. नळी कशी धरावी, काच कशी वाकवावी, द्रव कसा ओतावा, हेच त्याचे विषय. स्फोटात जखमी झालेल्या माणसाने प्रयोगशाळेला कुलूप न लावता हात कसे चालवावेत ते लिहून ठेवले, हा वारसा शाळांनी घ्यावयाचा आहे.

नियमामागचे कारण

भिंतीवर ‘सूचना’ म्हणून लावलेला फलक मुले दोन दिवस वाचतात, तिसऱ्या दिवशी तो भिंतीचाच भाग होऊन जातो. नियमामागचे कारण समजले, तर मात्र तो जन्मभर विसरत नाही. दोन उदाहरणे पाहू.

पहिले उदाहरण संहत सल्फ्युरिक आम्ल विरल करण्याचे. ‘आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात ओतू नये’ हे वाक्य सर्वांना पाठ असते. का, असे विचारले तर वर्ग गप्प बसतो. हे आम्ल पाण्याच्या सुमारे १.८ पट जड आहे आणि पाण्यात मिसळताना ते मोठ्या प्रमाणात उष्णता बाहेर टाकते. आम्लावर पाणी ओतले की हलके पाणी वरच राहते, स्पर्शाच्या जागी क्षणात उकळते आणि आम्लाचे थेंब घेऊन तोंडावर उडते. उलट भरपूर पाण्यात थोडे थोडे आम्ल, काचेच्या कांडीने ढवळीत सोडले, तर जड आम्ल खाली जाते आणि निर्माण झालेली उष्णता पुष्कळ पाण्यात वाटली जाते. शिक्षकाने पाणी असलेल्या चंचुपात्रात मोजके आम्ल सावकाश सोडून मुलांना दुरून तापमापीचा आकडा वाचावयास लावावे. आकडा चढताना जो पाहील, त्याला नियम पाठ करावा लागणार नाही.

दुसरे उदाहरण हायड्रोजनचे. जस्ताच्या तुकड्यांवर विरल आम्ल टाकून हायड्रोजन तयार करण्याचा प्रयोग पिढ्यान्‌पिढ्या शिकविला जातो. या प्रयोगातील अपघाताचे कारण बहुधा एकच असते, आणि ते म्हणजे उतावीळपणा. शंकुपात्रात आरंभी हवा असते. हवेत हायड्रोजनचे प्रमाण ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत काहीही असले, तरी ते मिश्रण पेट घेते. म्हणून हवा पूर्णपणे निघून जाण्यापूर्वी निर्गमनळीच्या तोंडाशी काडी नेली, तर ज्योत नळीतून आत शिरते आणि काचेचे पात्रच फुटते. परीक्षानळीत गोळा केलेला वायू पात्रापासून दूर नेऊन पेटवून पाहावा. ‘फट्‌’ असा तीव्र आवाज झाला तर वायूत अजून हवा आहे. वायू शांतपणे जळला तरच तो शुद्ध. खरे तर शाळेत वायू परीक्षानळीतच पेटवावा. निर्गमनळीशी ज्योत नेण्याची गरज नाही. थोडे थांबणे एवढाच हा उपाय. आणि थांबणे ही विज्ञानाची पहिली शिस्त होय.

चिठ्ठी नसलेली बाटली

प्रयोगशाळेतील सर्वांत धोकादायक पदार्थ कोणता? आम्ल नव्हे आणि सोडियमही नव्हे. ज्या बाटलीवर नाव नाही, त्या बाटलीत जे असेल ते सर्वांत धोकादायक.

कोकण-गोमंतकाच्या हवेत ही अडचण अधिकच आहे. चार महिन्यांच्या पावसात कपाटातल्या बाटल्यांवरचे कागद ओलावतात, त्यांना बुरशी येते, डिंक सुटतो आणि चिठ्ठी कपाटाच्या तळाशी पडते. आम्लाच्या वाफेने शाई फिकी पडते ती निराळीच. मग ‘बहुतेक हे मीठच असावे’ असा तर्क सुरू होतो. यावर इलाज सोपा आहे. नाव, तीव्रता आणि बाटली भरल्याची तारीख पेन्सिलीने लिहावी, कारण पेन्सिल ओलाव्याने पसरत नाही. चिठ्ठीवर पारदर्शक चिकटपट्टी किंवा मेणाचा पातळ हात द्यावा. आणि पावसाळ्यापूर्वी व नंतर अशी वर्षातून दोनदा कपाटाची तपासणी करावी. ओळख न पटलेला पदार्थ वास घेऊन किंवा चव पाहून ओळखण्याचा मोह कोणी धरू नये. तो बाजूला काढून त्यावर ‘अज्ञात, वापरू नये’ असे लिहावे.

लाल किनारीच्या चौकोनात काढलेली जी चिन्हे हल्ली रसायनांच्या बाटल्यांवर असतात, तीही मुलांना वाचता आली पाहिजेत. ज्योतीचे चिन्ह म्हणजे ज्वालाग्राही, हातावर व धातूवर पडणारे थेंब म्हणजे दाहक, कवटी व हाडे म्हणजे प्राणघातक विष. ही चिन्हे संयुक्त राष्ट्रसंघाच्या पद्धतीनुसार अनेक देशांत सारखीच आहेत. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही नातू ती शिकवू शकतो.

ही गोष्ट पालकांनी विशेष लक्षात घ्यावी, कारण नाव नसलेली बाटली शाळेपेक्षा घरात अधिक आढळते. शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत आणलेले कीटकनाशक, पाण्याच्या बाटलीत ओतलेले फरशीचे आम्ल, रंग पातळ करण्याचे टर्पेंटाइन या वस्तू तहानलेल्या लहान मुलाला पाण्यासारख्याच दिसतात. शाळेत चिठ्ठी वाचण्याची सवय लागलेली मुलगी घरातली अशी बाटली पाहून आईला विचारील, “यात काय आहे?” प्रयोगशाळेचे खरे यश त्या प्रश्नात आहे.

दिवा, काच आणि वायू

नित्याच्या कामातील काही गोष्टी थोडक्यात सांगता येतील. स्पिरिटचा एक दिवा दुसऱ्या दिव्यावर वाकवून पेटवू नये, फुंकून विझवू नये. झाकण ठेवून विझवावा आणि पूर्ण थंड झाल्यावरच त्यात स्पिरिट भरावे. परीक्षानळी तापविताना ती तिरपी धरावी, तिचे तोंड स्वतःकडे किंवा शेजाऱ्याकडे असू नये आणि ती एकतृतीयांशापेक्षा अधिक भरलेली नसावी. मोकळे केस, ओढणी, लोंबणारी बाही ज्योतीजवळ येऊ देऊ नये. द्रव तोंडाने ओढून पिपेट भरण्याची जुनी रीत आता सोडून द्यावी. रबरी फुगा वापरावा.

बुचातून काचनळी घालताना झालेल्या जखमा किरकोळ मानल्या जातात. पण मोडलेली नळी तळहातात खोल घुसली, तर बोटांच्या शिराही तुटतात. नळीचे टोक ज्योतीत गोल केलेले असावे, नळी व बूच पाण्याने किंवा ग्लिसरीनने ओले करावे, दोन्ही हातांत जाड फडके घ्यावे, नळी बुचाच्या अगदी जवळ धरावी आणि ढकलण्याऐवजी फिरवीत आत न्यावी.

वायूंविषयी एक सावधगिरी अशी. हायड्रोजन सल्फाइडचा कुजक्या अंड्यासारखा वास आला की खोलीची दारे-खिडक्या उघडाव्यात. वास नाहीसा झाला म्हणजे वायू गेला, असे मात्र मानू नये. हवेच्या दहा लाख भागांत सुमारे १०० भाग इतका हा वायू झाला, की तो नाकाची जाणीवच बधिर करतो. नाक हे उपयुक्त इंद्रिय खरे, पण या बाबतीत ते साक्षीदार म्हणून विश्वसनीय नव्हे.

काल योग्य, आज अयोग्य

विज्ञान पुढे गेले, तसे सुरक्षिततेचे ज्ञानही पुढे गेले. एके काळी पाऱ्याचा थेंब मुलांच्या तळहातावर खेळवीत असत. त्याची वाफ दिसत नाही, पण ती श्वासावाटे शरीरात जाऊन मज्जासंस्थेस अपाय करते. पाऱ्याच्या वापरावर आळा घालणारा मिनामाता करार २०१३ साली स्वीकारला गेला व भारताने २०१८ साली त्यास मान्यता दिली. शाळांनी अल्कोहोलची किंवा विजेरीची तापमापी घ्यावी. जुनी तापमापी फुटलीच, तर मुलांना बाहेर काढावे, खिडक्या उघडाव्यात, केरसुणी फिरवू नये. दोन जाड कागदांनी थेंब गोळा करून घट्ट झाकणाच्या बाटलीत पाण्याखाली ठेवावेत. हातातील सोन्याची अंगठी आधी काढून ठेवावी, कारण पारा सोन्याला लागतो.

तसेच तारेच्या जाळीवरचा ॲस्बेस्टॉसचा पांढरा गोल आता सिरॅमिकचा असावा. ॲस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसांचा कर्करोग निर्माण करतात. बेंझीन शाळेत ठेवूच नये. जीवशास्त्राच्या नमुन्यांचे फॉर्मॅलिनही कर्करोगकारक ठरले आहे. ते मुलांच्या हाती देऊ नये. पांढरा फॉस्फरस हवेत सुमारे ३० अंश सेल्सिअसला आपोआप पेट घेतो, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात खोलीचे तापमानच तेवढे असते. मग त्याला शाळेत जागा कशासाठी द्यावी?

विज्ञान प्रदर्शनातील नारिंगी ‘ज्वालामुखी’ सर्वांच्या परिचयाचा आहे. तो अमोनियम डायक्रोमेटचा असतो आणि त्याची धूळ श्वासात जाणे अत्यंत अपायकारक असते. खाण्याचा सोडा व लिंबाचा रस यांचा फेसाळ ज्वालामुखी कमी दिमाखदार दिसेल, पण तो निर्धोक असतो.

गावोगावी चमत्कारांमागील विज्ञान उलगडून दाखविण्याचे चांगले कार्यक्रम होतात. पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीन टाकून ‘मंत्राने अग्नी’, नारळाच्या शेंडीत सोडियम लपवून पाणी शिंपडताच ज्वाला असे हे प्रयोग. कार्यक्रमाचा हेतू स्तुत्य; परंतु दुसऱ्या दिवशी एखादा उत्साही मुलगा हेच घरी करू पाहतो. म्हणून चमत्काराचे गुपित सांगताना ज्वाला काही क्षण थांबून अचानक का भडकते आणि अंतर का राखावयाचे, हेही सांगितलेच पाहिजे. तमाशा म्हणून केलेल्या प्रयोगांनी इतरत्रही घात केला आहे. २०१४ साली न्यूयॉर्कमधील एका विद्यालयात मेथॅनॉलवर रंगीत ज्योती दाखविण्याच्या प्रयोगात आग भडकून विद्यार्थी गंभीर भाजला. ज्वालाग्राही द्रवाची मोठी बाटली ज्योतीजवळ आणणे हेच अशा दुर्घटनांचे मूळ असते.

अपघात झालाच तर

पहिला उपाय पाणी, दुसरा पाणी आणि तिसराही पाणीच. डोळ्यात काही उडाले, तर पापण्या उघड्या धरून नळाच्या संथ धारेखाली निदान १५ ते २० मिनिटे डोळा धुवावा; बाधित डोळा खालच्या बाजूस ठेवावा. जुन्या पुस्तकांत आम्लावर सोडा आणि अल्कलीवर बोरिक आम्ल टाकण्यास सांगितले असे. डोळ्यांच्या बाबतीत त्यात वेळ दवडू नये. दाहक सोडा आणि चुना हे डोळ्यास आम्लापेक्षाही घातक ठरतात, कारण ते खोलवर झिरपत जातात. त्वचेवर रसायन पडल्यास कपडे काढून पाणी ओतीत राहावे. कोरडी भुकटी असेल तर ती आधी झटकावी. भाजलेल्या जागेवर २० मिनिटे थंड वाहते पाणी सोडावे. हळद, शाई, दंतमंजन, लोणी यांपैकी काहीही लावू नये. पोटात आम्ल गेले असता उलटी करवू नये. दरम्यान दुसऱ्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि रसायनाची बाटली चिठ्ठीसह डॉक्टरांकडे पाठवावी.

आगीसाठी वाळूच्या बादल्या, जाड घोंगडी व अग्निशामक हाताशी असावे. सोडियमच्या आगीवर पाणी टाकू नये. कोरडी वाळू टाकावी. वाळूच्या बादलीत कागदाचे बोळे व खडूचे तुकडे साठलेले दिसतात, ते त्याच दिवशी काढावेत.

जबाबदार कोण?

आरंभीचा प्रश्न येथे पुन्हा घ्यावयास हवा. जबाबदारी एकट्या शिक्षकावर टाकून चालणार नाही. चाळीस मुले एका टेबलाभोवती दाटीने उभी असता कोणताही शिक्षक प्रत्येक हाताकडे पाहू शकत नाही. वर्गाच्या लहान तुकड्या पाडणे हे मुख्याध्यापकांच्या हाती आहे. खोलीस बाहेर उघडणारी दोन दारे, वाहत्या पाण्याचा नळ, वायूचा सिलिंडर खोलीबाहेर ठेवण्याची जागा आणि प्रत्येक मुलासाठी डोळ्यांचा चष्मा या गोष्टी व्यवस्थापनाने द्यावयाच्या आहेत.

अधिकाऱ्यांच्या हातीही एक महत्त्वाची गोष्ट आहे. तपासणीच्या वेळी डेड स्टॉक रजिस्टर पाहिले जाते, फुटलेल्या चंचुपात्राचा हिशेब विचारला जातो. मग फुटलेली वस्तू लपविण्याकडे आणि निकामी रसायन कपाटातच ठेवण्याकडे शाळेचा कल होतो, कारण निर्लेखनाची कागदपत्रे नकोशी वाटतात. रॉकेल उडून गेलेल्या बाटलीतला सोडियम, कोरडे पडून स्फोटक झालेले पिक्रिक आम्ल असे पदार्थ त्यामुळे वर्षानुवर्षे कपाटात राहतात. असे काही आढळल्यास बाटली हलवू नये, उघडू नये, जाणकारांस बोलवावे. तपासणीत एक प्रश्न वाढवावा, “डोळा धुण्याचा नळ चालू आहे काय?” आणि निकामी रसायनांच्या निर्लेखनाची व सुरक्षित विल्हेवाटीची वाट सोपी करून द्यावी. ती रसायने मोरीत ओतली, तर शेवटी गावच्याच विहिरीत उतरतात.

पालकांनी एवढेच करावे. मूल घरी येऊन “आज हाताला थोडे पोळले” असे म्हणाले, तर रागाने शाळेत जाण्यापूर्वी “मग तू काय केलेस?” असे विचारावे. “लगेच पाण्याखाली धरले” असे उत्तर मिळाले, तर त्या दिवशी मूल काही शिकून आले असे समजावे. अपघात लपविणारी शाळा दुसऱ्या अपघाताची वाट पाहत असते. तो नोंदवून त्याचे कारण शोधणारी शाळा मात्र विज्ञान शिकवीत असते.

प्रयोगशाळेची किल्ली जरूर असावी. शिक्षक नसताना ती खोली बंदच असावी. परंतु तासाची घंटा झाली की ते दार उघडले पाहिजे. चष्मा लावलेली, बाटलीवरची चिठ्ठी दोनदा वाचणारी, ज्योतीपासून वेणी मागे घेणारी मुले आत दिसली पाहिजेत. दार बंद ठेवून मुले आज सुरक्षित राहतील. दार उघडून शिकविली तर ती जन्मभर सुरक्षित राहतील.